म्हसोबाचा काप

मार्च सरत आला की आमच्या प्रयोगशाळेत एक वास भरून राहतो. हॉटप्लेटवर कॅनडा बाल्समचा थेंब वितळायला लागला की येतो तो. थंड मुलखातल्या कुठल्याशा झाडाचा हा चीक, थोडासा राळेसारखा, थोडासा लिंबाच्या सालीसारखा. खिडकीबाहेर कडुनिंब मोहरलेला असतो, त्याचा कडवट गोडवा आत येतो आणि दोन्ही वास एकमेकांत मिसळतात. आता दगडाचा काप काचेवर चिकटवायला चांगली इपॉक्सी मिळते, बाल्समचं काही अडत नाही. पण प्रॅक्टिकल परीक्षेचे दिवस आले की मी कपाटातून ती जुनी बाटली काढतेच. पोरं हसतात. म्हणतात, ‘‘मॅडम, हे म्युझियमला देऊन टाका.’’ मी म्हणते, आधी तुम्ही पास व्हा, मग मला आणि बाटलीला एकदमच देऊन टाका.

भूगर्भशास्त्र शिकवते म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे पाणी कुठं लागेल ते सांगता का? बीड जिल्ह्यात दुसरं काय विचारणार. मी सांगते की आम्ही दगड घासतो. ते ओशाळून गप्प बसतात. पण खरंच, माझ्या आयुष्यातला मोठा भाग दगड घासण्यात गेला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. दगडाची चकती कापायची, तिची एक बाजू जाड काचेवर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून गुळगुळीत करायची, ती बाजू काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूनं घासत राहायचं. डोक्याच्या केसाच्या निम्म्याइतकी जाडी उरेपर्यंत. तिथं पोचलं की नवल घडतं. ज्या काळ्या फत्तरावर आपण धुणं आपटतो, ज्याच्या पायऱ्या करतो, त्याच्यातून उजेड आरपार जायला लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती पट्टी धरून फिरवली की निळे, केशरी, पिवळे रंग पेटतात आणि विझतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळा काढून टेबलाखाली वाकून बघितलं होतं, खाली कुणी रंगीत दिवा ठेवलाय की काय. सर म्हणाले, ‘‘दगडातच आहे ते सगळं.’’ मला त्या दिवशी घरी जाताना रस्त्याच्या खडीवर पाय ठेववेना.

मी सांगतेय तो उन्हाळा माझ्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. आता बारा-तेरा वर्षं होऊन गेली. पाऊस आदल्या वर्षी रुसला होता आणि कॉलेजला आठवड्यातून दोनदा टँकर येई. काप घासायला पाणी लागतं, म्हणून आम्हाला प्रत्येकी एक तांब्या मोजून मिळायचा. तो तांब्या देणारी बाई म्हणजे कौसामावशी. नवरा इथंच परिचर होता, तो गेल्यावर त्याच्या जागी ही लागली आणि त्याचं काम हातात घेतलं. सातवीपर्यंत शिकलेली. पण पट्टी घासावी ती तिनंच. आम्ही दर दोन मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली जाडी तपासायचो, ती कान देऊन ऐकायची. ‘‘आता खरखर गेली, आता सळसळ आली,’’ म्हणायची. ‘‘सळसळीला हात हलका करायचा, पोरी. न्हाईतर दगड उडून जातो अन् काच राहती हातात.’’ तसं व्हायचंही. आठ दिवसांची मेहनत शेवटच्या दहा चकरांत नाहीशी झालेली मी कितीदा तरी पाहिली आहे. कोरी काच हातात धरून उभं राहिलेलं पोर फार केविलवाणं दिसतं.

आमचं गाव चौसाळ्याच्या पुढं, डोंगराच्या कडेला. घरात शेती आणि मेंढरं. भावकीचा म्हसोबा गावाबाहेर दगडी कोनाड्यात बसलेला. त्याची पूजा माझे थोरले चुलते करत, त्यांना आम्ही नाना म्हणतो. चैत्री पौर्णिमेला त्याची यात्रा. यात्रेच्या दिवशी पहाटे नाना तेलात कालवलेला शेंदूर देवाला लावत. वर्षातून एकदाच आणि बाप्यांनीच, असा नेम. माझ्या जन्मापासून मी देवाचं जे रूप पाहिलं ते केशरी, गोल आणि गुळगुळीत. डोळे चांदीचे. आत दगड कसला आहे हे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती.

त्या फाल्गुनात देवाचं कवच गळालं. शेंदराचे लेप वर्षानुवर्षं चढत जातात आणि एक दिवस त्यांचं ओझं त्यांनाच पेलवत नाही, मग आख्खी खोळ सुटून येते. हे चांगलं मानतात. नानांनी नारळ फोडला. पण खोळ निघाली आणि आतला दगड उघडा पडला, तशी भावकीची तोंडं उतरली. आमच्या सगळ्या मुलखात दगड काळा. विहिरीतला काळा, बांधावरचा काळा, देवळाचा काळा. आणि हा गुलाबी-करडा, त्यावर काळे ठिपके.

माझा चुलतभाऊ विलासदादा बांधकामाची कामं घेतो. त्यानं उकिडवं बसून बघितलं आणि म्हणाला, ‘‘नाना, ही फरशी हाय. ग्रॅनाइट. सैपाकाच्या वट्ट्याला लावत्यात तीच. कुन्या काळी ट्रकातून पडलेला तुकडा कुनीतरी उचलून ठिवला असंल.’’

नाना म्हणाले, ‘‘आपल्या पणज्यानं घोड्यावर घालून आनलाय हा. खाली तेलंगणाकडून. मेंढरांमागं हिंडत हितं आलो आपन. घोडं हितं बसलं, उठंना, म्हनून देव हितं बसला.’’

‘‘तुमी बघितलं का?’’

नानांनी कुठून बघावं. विलासदादा काही वाईट माणूस नाही. त्याला नवं देऊळ बांधायचं होतं, स्वतःच्या खर्चानं, आणि त्यात घडीव मूर्ती बसवायची होती. जुना दगड तळ्यात सोडायचा. देव उघडा पडायच्या आधी हे बोलायला कुणी धजलं नसतं, पण आता बऱ्याच माना डोलल्या. यात्रेच्या आदल्या दिवशी भावकी बसवून ठरवू, असं झालं. मी सुट्टीला गेले होते. बीडला परत निघाले तेव्हा नाना यष्टीपर्यंत आले. खोळीच्या आतल्या बाजूला देवाचा एक पापुद्रा चिकटून आला होता, तळहाताएवढा. एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला शेंदराचा थर. तो त्यांनी नव्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिला.

‘‘शाले, तू दगडाचंच शिकती ना? मंग सांग, ह्यो कुठला हाय. मी देवावर हत्यार चालवनार न्हाई. पन हे त्यानं सोताहून दिलंय. तू काय करायचं ते कर. फकस्त समदं मागारी आन. पीठ पडलं तरी पीठासकट आन.’’

त्यांचा आवाज नेहमीचा होता, पण फडकं सोडताना हात निघत नव्हता. तीस-एकतीस वर्षं त्या दगडापुढं रोज दिवा लावलेला माणूस. तो दगड फरशीचा ठरला तर त्या सगळ्या दिव्यांचं काय झालं असतं, हे मी तेव्हा विचारलंही नाही. मी खूश होते. मला प्रोजेक्टला विषय मिळाला होता.

पुढची गोष्ट सांगताना अजूनही कान तापतात. प्रयोगशाळेत पोचले, टँकर नुकताच येऊन गेल्यानं नळाला पाणी होतं. फडकं सोडलं, पापुद्रा सिंकमध्ये धरला आणि चाकू-ब्रश घेऊन शेंदूर खरवडायला लागले. अगदी सहज. आम्हाला तीन वर्षं तेच शिकवलेलं. नमुना ताजा हवा. वरचा कुजका, माखलेला, ऊन-पाऊस खाल्लेला थर हातोडीनं उडवायचा आणि आतला स्वच्छ दगड घ्यायचा. सरांचं हे ठरलेलं वाक्य, हजेरीसारखं रोजचं. त्या सवयीत मी अर्ध्या भागावरचा शेंदूर नळाखाली वाहून घालवला. केशरी पाणी जाळीतून गेलं.

‘‘अगं ए!’’ कौसामावशीनं माझं मनगट धरलं. ‘‘देव धुवायला लागलीस का काय?’’

‘‘नमुना साफ करतेय, मावशी.’’

‘‘तुझ्या नानानं दगडाचं विचारलं का देवाचं विचारलं?’’

मी म्हटलं, दोन्ही एकच. तिनं नळ बंद केला आणि सिंकची जाळी काढून खाली अडकलेला शेंदूर बोटानं गोळा करत बसली. त्या दिवसापासून माझ्या टेबलाखाली तिनं एक प्लास्टिकचं घमेलं ठेवलं. घासलेलं पाणी, कापलेलं पाणी, सगळं त्यात. मला तेव्हा हे उगाच वाटलं होतं.

उरलेला थर ठिसूळ होता, करवतीला लावला असता तर भुगा झाला असता. म्हणून आधी त्याला राळ पाजावी लागली. पापुद्रा एका वाटीत ठेवायचा, वाटी काचेच्या जाड हंडीत, आणि पंपानं हंडीतली हवा काढून घ्यायची. मग वरून पातळ राळ सोडायची. हे मी नंतर शेकडो वेळा केलंय आणि दर वेळी कामं टाकून बघत उभी राहते. राळेत बुडालेल्या दगडातून बुडबुडे निघायला लागतात. आधी एक, मग दोन, मग सगळ्या अंगातून बारीक माळा. ज्याला आपण घट्ट म्हणतो, ज्याच्यावर डोकं आपटण्याच्या गोष्टी करतो, तो आत कुठं कुठं हवा धरून बसलेला असतो. दोन दाण्यांच्या मधे, केसासारख्या भेगेत. कौसामावशी माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, ‘‘श्वास सोडायला लागला.’’

राळ आळायला दोन दिवस गेले. मग करवतीनं पापुद्र्याचे आडवे दोन भाग केले. एका भागातून दगडाचा काप करायचा, दुसऱ्या भागाची कापलेली कड चकचकीत करून ठेवायची. काप घासायला मी बसले. खरखर होती तोवर मीच घासलं. सळसळ सुरू झाली तशी मी थांबले. काप करायला तो एकच तुकडा होता, उडाला तर दुसरा कुठून आणणार? मी पट्टी मावशीपुढं धरली. तिनं पदर खोचला, डोळे मिटले आणि आठाच्या आकड्यात हात फिरवायला लागली. इतका हलका हात की काचेला कळूही नये. मधेच थांबून म्हणाली, ‘‘बघ.’’ ग्रॅनाइटमध्ये गारेचे दाणे असतात, क्वार्ट्झचे. ते पिवळे दिसले तर काप अजून जाड, राखाडी-पांढरे झाले की बरोबर. मी बघितलं. पिवळट. अजून दहा चकरा. पुन्हा बघितलं. पिवळेपणाची एक झाक. ती चार चकरा फिरली आणि थांबली. सूक्ष्मदर्शकाखाली गार राखी रंगाची झाली होती, आषाढातल्या आभाळासारखी.

आणि तिच्या शेजारी फेल्स्पार या दुसऱ्या खनिजाचे मोठे दाणे. उभ्या-आडव्या रेघांची वीण, करड्यावर पांढरी, पांढऱ्यावर करडी. पट्टी फिरवली की उभे धागे विझायचे आणि आडवे उजळायचे. मी पुस्तकात हे चित्र पाहिलं होतं, कॉलेजच्या विकत आणलेल्या संचातही पाहिलं होतं. पण हे आमच्या म्हसोबाच्या पोटातलं होतं. नाना ज्या घोंगडीवर झोपतात तिची वीण अशीच आहे.

मोठं भिंग लावून मी गारेच्या दाण्यात शिरले, तेव्हा दिसलं ते मी कधी विसरणार नाही. गारेच्या आत बारीक पोकळ्यांची ओळ होती. प्रत्येक पोकळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. दगड घडत होता तेव्हा जे पाणी त्याच्यातून वाहत होतं त्याचे हे थेंब, वाट बंद झाल्यामुळं आतच राहिलेले. असं असतं हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की त्यातल्या एका पोकळीतला बुडबुडा हलत होता. थरथरत होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक क्षण न थांबता. सरांना बोलावलं. ते म्हणाले, पाण्याचे कण त्याला सारखे धक्के देतात म्हणून. पोकळी पुरेशी लहान असली की दिसतं असं. मग भिंगाला डोळा लावून तेच इतका वेळ वाकून राहिले की मला खुर्ची आणून द्यावी लागली. उठताना म्हणाले, ‘‘आपला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. हा त्याच्या किती आधीचा. अब्जांत मोजायचं. आणि तेव्हापासून हा बुडबुडा हलतोय, बाई.’’ टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या कॉलेजात त्या दिवशी मी एवढंसं पाणी पाहिलं आणि मला भरून आलं. हे कुणाला समजावून सांगता येत नाही. मी दरवर्षी प्रयत्न करते. शंभरातल्या एखाद्या पोराचा चेहरा बदलतो, बाकीचे विचारतात, हे परीक्षेला आहे का.

पण नानांनी विचारलं होतं ते वेगळंच. सरांनी काप पाहून सांगितलं की हा ग्रॅनाइट. बीड जिल्ह्याचा असू शकत नाही. जवळात जवळ म्हणजे नांदेडच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीला, नाहीतर खाली कर्नाटकात. मी आनंदानं घरी फोन लावला. फोन विलासदादानं उचलला.

‘‘मंग मी काय म्हनलो हुतो?’’ तो म्हणाला. ‘‘फरशी बी तितूनच येती. कर्नाटकातूनच. कडाप्पा घ्या, ग्रॅनाइट घ्या, समदा माल खालचाच.’’

मी फोन ठेवला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. दगड कुठला हे शास्त्रानं सांगितलं, पण तो घोड्यावर आला की ट्रकात आला, हे दगडाला माहीत नव्हतं. नानांना मी काय सांगणार होते? यात्रेला सहा दिवस राहिले होते. मी तशीच बाकावर येऊन बसले आणि रडले, खोटं कशाला बोलू.

कौसामावशीनं पापुद्र्याचा दुसरा भाग माझ्यापुढं आणून ठेवला. मी दगडाकडं बघत होते तेवढ्या दिवसांत तिनं त्याची कड घासून घासून आरशासारखी केली होती, शेंदराच्या अंगासकट. ‘‘ह्याच्यातून उजेड जायचा न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘वरून पाड.’’

मी दोन डोळ्यांनी बघायच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा ठेवला आणि बाजूनं दिव्याचा उजेड सोडला. शेंदराचा थर एकसंध नव्हता. त्यात रेघा होत्या. केशरी पदर, मग केसाएवढी काळी रेघ, मग केशरी पदर, मग काळी रेघ. खालपासून वरपर्यंत. कितीतरी वेळ मला कळेचना की मी काय बघतेय. मग कळलं. केशरी म्हणजे यात्रेच्या पहाटेचं लेपन. काळी रेघ म्हणजे पुढच्या वर्षभराची धूळ आणि दिव्याची काजळी. वर्षातून एकच लेप. मी जे सिंकमध्ये खरवडून घालवत होते ते देवाचं पंचांग होतं.

मी मोजायला बसले. एकदा एकशे बारा आले, एकदा एकशे एकोणीस, एकदा एकशे आठ. अगदी तळाला पदर एकमेकांत मिसळले होते, तिथं सुई टेकवावी तर वर्ष हुकायचं. पण शंभराच्या वर, हे नक्की. शंभर वर्षांपूर्वी आमच्या गावाला ट्रक सोडा, ट्रक जाईल असा रस्ताही नव्हता. आणि सगळ्यात आत, दगडाच्या कडेला, पहिला शेंदूर दाण्यांच्या मधल्या भेगांतून दगडात मुरलेला होता. बारीक केशरी मुळं फुटावीत तसा. कौसामावशीला बोलावून दाखवलं. तिनं बघितलं, मग पदरानं भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. ‘‘येवढी मानसं,’’ ती म्हणाली. ‘‘एकामागं एक.’’

मी नानांना बीडला बोलावलं. बरोबर विलासदादाही आला, गाडी त्याचीच होती. दोघांनी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या. मी म्हटलं, इथं नाही काढत, काचा असतात खाली. नानांनी ऐकलं नाही. त्यांना आधी मी तो बुडबुडा दाखवला. त्यांनी भिंगाला डोळा लावला. मग विचारलं, ‘‘जित्ता हाय का?’’ मी म्हटलं, नाही, पाणी आहे. ते म्हणाले, ‘‘मंग तेच इचारतोय मी.’’

मग शेंदराची कड दाखवली. एक-एक पदर म्हणजे एक-एक वर्ष, हे सांगितलं आणि भिंगाखाली सुईचं टोक धरून वरून खाली सरकत गेले. नाना मोठ्यानं मोजत होते. ‘‘हे माझं... हे बी माझं...’’ एकतीस पदरांनंतर म्हणाले, ‘‘आता बापाचं.’’  वडिलांची बोटं ते पहिल्यांदा अशी बघत होते. विलासदादा मागून म्हणाला, ‘‘मला बी बघू द्या ना जरा.’’ पण नाना हटले नाहीत. सुई आणखी खाली सरकली आणि चाळीसच्या आसपास एका जागी काळी रेघ एकदम जाड झाली. बाकीच्या रेघांच्या चौपट-पाचपट.

‘‘थांब,’’ नाना म्हणाले. ‘‘हे बहात्तरचं हाय. त्या दुष्काळात मातीच उडत हुती. समदी मेंढरं घिऊन आमी खाली गोदावरीकडं गेलतो. मी बारा वर्साचा. गावात बाप्या म्हनून एक न्हवता, निस्त्या बाया अन् तान्ही पोरं. त्या चैतात देवाला लेपन न्हाई झालं. आमी आलो पुढल्या पावसाला. बाप आईला म्हनला, देव तसाच ऱ्हायला का? माय म्हनली, तसाच ऱ्हायला.’’

मोजताना मला जे दिसलं होतं ते त्यांनाही दिसायला हवं होतं. मी भिंग थोडं जवळ घेतलं आणि सुई त्या जाड काळ्या पट्ट्याच्या मधोमध टेकवली. तिथं एक केशरी रेघ होती. फार बारीक, दोन ठिकाणी तुटलेली. घरातलं तेल संपत आल्यावर पातळ-पातळ पुरवून लावावा तसा शेंदूर. पण होती.

नाना बघत राहिले. प्रयोगशाळेतला पंखा गरगरत होता, पलीकडं कुणीतरी दगड घासत होतं.

‘‘बाप्या न्हवताच गावात,’’ ते पुन्हा म्हणाले. मग सरळ उभे राहिले. ‘‘माय.’’

बाईनं देवाला हात लावायचा नाही. आजीनं ते केलं होतं आणि मरेपर्यंत नवऱ्याला, मुलाला, कुणालाही सांगितलं नव्हतं. दुष्काळात देव उघडा राहू नये म्हणून तिनं नेम मोडला आणि नेम मोडला म्हणून खोटं बोलली. आम्ही तिच्या मांडीवर वाढलो. तिच्याबद्दलची ही एक गोष्ट सांगायला चाळीस वर्षं आणि एक सूक्ष्मदर्शक लागला. विलासदादानं भिंगाला डोळा लावला. तो उठला तेव्हा त्याच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. फरशीचा शब्द त्यानं त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही नाही.

जाताना नानांनी दगडाचे दोन्ही तुकडे फडक्यात बांधले. कौसामावशीनं घमेल्यातला गाळ बसवून एका बरणीत भरून ठेवला होता, त्यात सिंकच्या जाळीतून काढलेला शेंदूरही होता. बरणी तिनं दोन्ही हातांनी नानांना दिली. काप तेवढा त्यांनी माझ्याकडं ठेवला. ‘‘घरी आमाला ह्यो बघाया यायचा न्हाई,’’ म्हणाले. तो काप आजही आमच्या लाकडी पेटीत आहे. परीक्षेला मी तो कधीच काढत नाही.

शास्त्र फार थोडं सांगतं, हे मला त्या उन्हाळ्यात उमगलं. आजीनं शेंदूर पहाटे लावला की भर दुपारी, तिला भीती वाटली का, एकटीच होती का, यातलं काहीही त्या रेघेत नाही. पण ती रेघ आहे. एवढं सांगायला माझ्या विद्येला जमलं आणि त्याआधी त्याच विद्येच्या सवयीनं मी ती रेघ नळाखाली पुसायला निघाले होते. आता पोरांना मी नमुना धुवायच्या आधी विचारायला लावते की वरचा थर कुणी दिलाय. ऊन-पावसानं दिलाय की माणसानं? ती एकमेकांकडं बघतात. मॅडमचं काहीतरी असतंच.

यात्रेच्या आदल्या दिवशी भावकी बसली. विलासदादानंच सांगितलं की देऊळ बांधू, पण देव हाच. फार चर्चा झाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे देव उघडा, धुतलेला, गुलाबी-करडा बसला होता, पहिल्या लेपाची वाट बघत. काकूनं, म्हणजे नानांच्या बायकोनं, दरवर्षीसारखा वाटीत शेंदूर कालवून आणला आणि वाटी खाली ठेवून चार पावलं मागं सरकली. नानांनी वाटी घेतली. मग वळले आणि ती तिच्यापुढं धरली.

‘‘तू लाव.’’

 काकू म्हणाली, ‘‘मला कशाला,’’ पण वाटी घेतली. देवापुढं बसली, मधलं बोट शेंदरात बुडवलं आणि ते समोर न लावता हात दगडाच्या मागं नेला. डाव्या अंगाला, खालून, तिथं एक खाच आहे ती समोरून दिसत नाही. तिथून तिनं लेप वर ओढत आणला, एका दमात.

नानांनी विचारलं, ‘‘तितून सुरू करायचं हे तुला कुनी सांगितलं?’’

काकूनं बोट पुन्हा वाटीत बुडवलं. ‘‘तुमी दवाखान्यात हुता त्या साली,’’ ती मागं न बघता म्हणाली, ‘‘भावजींना लेपनाचं सांगून गेलता. भावजी गेलते कुस्त्या बघाया. मंग लेप कुनी लावला वाटलं तुमाला?’’

कोनाड्याबाहेर बायका दाटीनं उभ्या होत्या. माझी आई, चुलत्या, वाकलेल्या म्हाताऱ्या. मी एकेकीच्या चेहऱ्याकडं बघत गेले, आणि त्यांतल्या एकीलाही नवल वाटलेलं नव्हतं.